नोटरी व्हायचं तर काय करावं लागतं? नोटरीच्या शिक्क्यावर जमीन नावावर होते का? वाचा सविस्तर

तालुक्याच्या कचेरीसमोर सकाळी अकराच्या सुमारास गेलं की एक चित्र हमखास दिसतं. झाडाखाली टेबल-खुर्ची, शेजारी झेरॉक्सचं दुकान, टाइप करणारा पोरगा आणि भिंतीवर पाटी, 'येथे नोटरी करून मिळेल'. कुणाला शाळेसाठी शपथपत्र पाहिजे असतं, कुणाला नावातली चूक दुरुस्त करायची असते, तर कुणी दोन गुंठ्यांच्या जागेचा व्यवहार करायला गावातली चार माणसं घेऊन आलेलं असतं. काम झालं की माणूस घरी फोन करून सांगतो, "नोटरी केली, आता काम पक्कं झालं."

काही कागदांच्या बाबतीत ते खरोखर पक्कं होतं, काहींच्या बाबतीत मात्र अजिबात होत नाही. हा फरक माहीत नसल्याने गावाकडे जमिनीचे अनेक व्यवहार वर्षानुवर्षं अडकून पडतात. दुसऱ्या बाजूला, बारावी झालेली किंवा वकिलीचं शिक्षण घेणारी गावातली मुलं-मुली विचारतात की नोटरी होण्यासाठी परीक्षा असते का, लायसन कुठे मिळतं, किती वर्षं लागतात. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच कायद्यात आहेत. नोटरी कसा नेमला जातो ते समजलं की त्याचा शिक्का कुठे चालतो आणि कुठे नाही, हेही आपोआप समजतं.

नोटरी म्हणजे नेमकं कोण?

नोटरी हा सरकारने नेमलेला साक्षीदार असतो, असं सोप्या भाषेत म्हणता येईल. कागदावर सही करणारा माणूस तोच आहे, त्याने समोर सही केली, शपथ घेऊन सांगितलं, याची तो खात्री करतो आणि तसं लिहून शिक्का मारतो. तो सरकारी नोकर नाही. त्याला पगार मिळत नाही, ठरवून दिलेली फी मिळते. बहुतेक नोटरी हे वकिली करणारे वकीलच असतात.

आपल्या देशात यासाठी नोटरी अधिनियम, १९५२ हा कायदा आहे आणि त्याखाली नोटरी नियम, १९५६ आहेत. त्याआधी इंग्रजांच्या काळात इथले नोटरी इंग्लंडमधल्या 'मास्टर ऑफ फॅकल्टीज' या अधिकाऱ्याकडून नेमले जायचे. त्यांचं काम मुख्यतः हुंड्या, व्यापाराची बिलं आणि जहाजांचे कागद यांचं असे. आजच्या कायद्यातही हुंडी आणि जहाजाच्या कर्जरोख्याचा उल्लेख आहे तो त्यामुळेच. आता तालुक्याच्या ठिकाणी नोटरीचं मुख्य काम म्हणजे शपथपत्र, करारनामा, मुखत्यारपत्र आणि खऱ्या प्रती.

नोटरी कोण होऊ शकतं?

ही वेगळी परीक्षा नाही, कोर्स नाही आणि सेतू केंद्रासारखं लायसनही नाही. नोटरी व्हायला आधी वकील व्हावं लागतं आणि काही वर्षं प्रत्यक्ष वकिली करावी लागते. नियमांप्रमाणे पात्रता अशी आहे :

• खुल्या प्रवर्गातील पुरुष वकील : किमान १० वर्षं वकिली.
• अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गातील वकील : किमान ७ वर्षं वकिली.
• महिला वकील, कोणत्याही प्रवर्गातील : किमान ७ वर्षं वकिली.
• न्यायाधीश म्हणून किंवा कायद्याच्या ज्ञानाची गरज असलेल्या सरकारी पदावर ठरावीक वर्षं काम केलेल्यांसाठीही नियमांत वेगळी तरतूद आहे.

महिलांसाठीची सात वर्षांची अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या लेकीसुनांना ही संधी तीन वर्षं आधी मिळते. गावातली बाई घरगुती वादाचं शपथपत्र करायला आली तर समोर बाई नोटरी असेल तर ती मोकळेपणाने बोलते, हाही फायदा आहेच.

बारावीपासूनचा रस्ता

१) कायद्याची पदवी. बारावीनंतर ५ वर्षांचा किंवा कोणत्याही शाखेची पदवी घेऊन ३ वर्षांचा एलएलबी अभ्यासक्रम करता येतो. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणतीही शाखा चालते. गुणांची अट खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के आहे. महाराष्ट्रात प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची विधी शाखेची सीईटी द्यावी लागते. पाच वर्षांची आणि तीन वर्षांची सीईटी वेगवेगळी असते, अर्ज भरताना गल्लत करू नये.

२) सनद. पदवी मिळाली की महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं. यालाच आपल्याकडे 'सनद काढणं' म्हणतात. या नोंदणीच्या फीबद्दल एक गोष्ट गरीब घरातल्या मुलांनी माहीत करून घ्यावी. वकील अधिनियम, १९६१ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी एकूण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये फी ठरलेली आहे. देशभरातल्या बार कौन्सिल यापेक्षा कितीतरी जास्त रक्कम घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही.

३) अखिल भारतीय बार परीक्षा. सनद मिळाल्यावर ही परीक्षा पास व्हावी लागते. २०१० पासून ती सक्तीची आहे. ती पास झाल्याशिवाय कायमची वकिली करता येत नाही.

४) प्रत्यक्ष वकिली. नुसती सनद काढून कपाटात ठेवली आणि दुसरीकडे पूर्णवेळ पगारी नोकरी केली तर ती वर्षं वकिलीत धरली जात नाहीत. पूर्णवेळ नोकरी करताना वकिली करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. कोर्टात उभं राहिलेलं, वकीलपत्र दाखल केलेलं दिसलं पाहिजे.

हिशेब मांडला तर असा बसतो. अठराव्या वर्षी बारावी, तेविसाव्या वर्षी पदवी, चोविसाव्या वर्षापर्यंत सनद. त्यानंतर सात वर्षं म्हणजे तिशी ओलांडते आणि दहा वर्षं म्हणजे चौतीस. त्यामुळे 'तीन महिन्यांत नोटरीचं लायसन काढून देतो' असं कुणी सांगत असेल तर त्याच्या हातात एक रुपयाही देऊ नये. असं लायसन नसतंच.

अर्ज कुठे आणि कसा?

नोटरी दोन प्रकारचे असतात. एक राज्य सरकारने नेमलेले आणि दुसरे केंद्र सरकारने नेमलेले. राज्याच्या नोटरींचं काम मंत्रालयातला विधी व न्याय विभाग पाहतो. केंद्राच्या नोटरींचं काम दिल्लीतल्या विधी व न्याय मंत्रालयाचा विधी कार्य विभाग पाहतो. केंद्राने त्यासाठी २०२४ मध्ये नोटरी पोर्टल सुरू केलं. २०२४ मध्येच महाराष्ट्रातल्या हजारो वकिलांची केंद्राचे नोटरी म्हणून निवड झाली. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणीही आता पूर्वीपेक्षा जास्त नोटरी दिसतात.

दोघांच्या शिक्क्याची किंमत सारखीच आहे. केंद्राचा नोटरी मोठा आणि राज्याचा छोटा असं काही नसतं. फरक असतो तो कार्यक्षेत्राचा. कुणाला तालुका, कुणाला जिल्हा, तर कुणाला त्याहून मोठं क्षेत्र मिळतं. ते प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं आणि त्या हद्दीतच काम करावं लागतं.

अर्ज ठरलेल्या नमुन्यात करायचा असतो. त्यासोबत सनदेची प्रत, वकिलीच्या वर्षांचा पुरावा, ओळख आणि पत्त्याचे कागद, सवलत घ्यायची असेल तर जातीचा दाखला लागतो. छाननीनंतर मुलाखत मंडळासमोर मुलाखत होते. कायद्याचं ज्ञान, वागणूक आणि त्या भागाची गरज पाहिली जाते.

इथे एक मेख आहे. पात्र असलेल्या प्रत्येक वकिलाची नेमणूक होतेच असं नाही. कोणत्या राज्यात जास्तीत जास्त किती नोटरी असावेत याचा आकडा नियमांच्या अनुसूचीत दिलेला असतो. जागा भरलेल्या असतील तर थांबावं लागतं. म्हणून अर्ज करण्याआधी आपल्या तालुक्यासाठी अर्ज मागवले आहेत का, हे बघणं बरं.

निवड झाली की फी भरायची. मग नाव नोटरींच्या नोंदवहीत चढतं आणि व्यवसायाचं प्रमाणपत्र मिळतं. त्याची मुदत ५ वर्षं असते. मुदत संपायच्या आधीच नूतनीकरणासाठी अर्ज करावा लागतो.

नेमणूक झाल्यावरची बंधनं

शिक्का मिळाला म्हणजे पैसे छापायचं मशीन मिळालं, असं नाही. नोटरीवर बरीच बंधनं असतात आणि ती लोकांनाही माहीत असली पाहिजेत.

• शिक्का साधा, गोल आणि ५ सेंटीमीटर व्यासाचा असतो. त्यावर नोटरीचं नाव, त्याचं कार्यक्षेत्र, 'नोटरी' हा शब्द आणि ज्या सरकारने नेमलं त्याचं नाव असावं लागतं.
• केलेल्या प्रत्येक कामाची नोंद रजिस्टरमध्ये करावी लागते. तारीख, कागदाचा प्रकार, सही करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, घेतलेली फी आणि संबंधित माणसाची सही त्यात येते.
• फीचे दर कार्यालयाच्या आत आणि बाहेर, दिसेल अशा जागी लावावे लागतात.
• घेतलेल्या पैशांची पावती द्यावी लागते.
• वर्षभरात काय काम केलं याचा अहवाल पुढच्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरकारला पाठवावा लागतो.
• काम चालू असलेल्या नोटरींची यादी सरकार दरवर्षी जानेवारीत राजपत्रात छापतं.

तालुक्याच्या ठिकाणी पावती मागणारा माणूस विरळाच. पण पावती मागणं हा हक्क आहे, उपकार नाही.

शिक्क्याने काय होतं आणि काय होत नाही?

नोटरी सांगतो, "या माणसाने माझ्यासमोर सही केली." कागदात लिहिलेलं खरं आहे, असं तो सांगत नाही. 'ही जमीन माझीच आहे' असं कुणी शपथेवर लिहून दिलं तर शिक्क्यामुळे जमीन त्याची होत नाही. लिहिलेलं खोटं निघालं तर सही करणारा अडकतो. खोटं शपथपत्र देणं गुन्हा आहे आणि कोर्टाच्या कामात दिलं असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

नोटरीचा कागद जिथे चालतो : कोर्टात द्यायचं शपथपत्र, नावातल्या किंवा जन्मतारखेतल्या तफावतीचं शपथपत्र, मूळ कागदाची खरी प्रत, साधे करारनामे, काही कामांचं मुखत्यारपत्र, भाषांतराची खातरजमा.

जिथे नोटरी पुरत नाही :

• जमीन, घर, प्लॉट यांची विक्री. १०० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोंदणी अधिनियम, १९०८ आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा तसं सांगतो.
• बक्षीसपत्र. जमीन मुलाला बक्षीस द्यायची तरी नोंदणी लागते.
• हक्कसोडपत्र. बहिणीने वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा सोडला असं नोटरीच्या कागदावर लिहून घेतलं तर त्यावर तिचा हक्क सुटत नाही.
• एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा. महाराष्ट्रात घर किंवा दुकान भाड्याने देण्याचा करार, अकरा महिन्यांचा असला तरी, नोंदवावा लागतो.
• लग्न आणि घटस्फोट. बाँडवर लग्न लावणं किंवा फारकत लिहून घेणं कायद्यात बसत नाही. नोटरींनी लग्नाचे आणि घटस्फोटाचे असे कागद करू नयेत, असं केंद्राच्या विधी कार्य विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये लेखी कळवलं आहे.

मृत्युपत्राबद्दल नेहमी विचारलं जातं. मृत्युपत्राला नोटरी सक्तीची नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. मात्र करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेतच. नोंदणी केली तर पुढे वाद कमी होतात, एवढं खरं.

जमिनीची नोटरी : घोळ कुठे होतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात रस्त्याकडेची दोन गुंठे जागा घर बांधायला विकायची ठरली. घेणारा शेजारच्या वाडीतला. क्षेत्र लहान, म्हणून रजिस्ट्री होत नाही, असं सांगितलं जातं. मग कुणीतरी म्हणतं, "दादा, कशाला ताण घेता? बाँडवर लिहून नोटरी करून टाकू. पाटलांची साक्ष आहे ना." पाचशेच्या बाँडवर मजकूर लिहिला जातो, दोन्हीकडच्या सह्या होतात, शिक्का बसतो, पैसे दिले जातात. घेणारा तिथे दोन खोल्या बांधतो.

दहा वर्षांनी विकणारा माणूस वारतो. सातबाऱ्यावर त्याच्या मुलांची वारस म्हणून नावं लागतात. मुलांना त्या बाँडचं काही माहीत नसतं, किंवा माहीत असूनही ते मान्य करत नाहीत. रस्ता रुंद होतो, जागेचा भाव वाढतो आणि मुलं तीच जागा तिसऱ्याला रीतसर खरेदीखताने देऊन टाकतात. तिसऱ्याचा फेरफार होतो. पहिल्या माणसाच्या हातात राहतो एक पिवळा पडलेला बाँड, आणि पुढे कोर्टाच्या तारखा.

इथे नोटरीने फसवलं असं नाही. त्याने फक्त सह्यांची साक्ष दिली होती. चूक झाली ती समजुतीची. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, नोटरीच्या कागदावर खरेदीचा फेरफार घेत नाहीत, कारण तो मालकी बदलल्याचा कागदच नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे की मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र असे कागद करून स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं.

मग तो बाँड अगदी निकामी आहे का? तसंही नाही. पैसे दिले आणि व्यवहार ठरला, याचा तो पुरावा होऊ शकतो. त्यावरून खरेदीखत करून द्या असा दावा कोर्टात लावता येतो. पण अशा दाव्याला मुदत तीन वर्षांची असते. ठरलेली तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. शिवाय मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असेल तर ते दंडासह भरावं लागतं. ताबा घेऊन केलेलं साठेखत नोंदवलेलं नसेल तर २००१ नंतरच्या व्यवहारात त्या कागदावर ताबा राखण्याचा बचावही मिळत नाही.

लहान तुकड्यांचं काय? तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठेवारीच्या रजिस्ट्री अडत होत्या आणि म्हणूनच लोक नोटरीकडे वळले. २०२५ मध्ये राज्य सरकारने या कायद्यात बदल करून ठरावीक रहिवासी भागातले जुने व्यवहार नियमित करण्याची वाट काढली. पण तिथेही नोटरीच्या कागदावर थेट नाव लागत नाही. शुल्क भरून दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. ज्यांच्याकडे असे जुने बाँड आहेत त्यांनी आपली जागा यात बसते का, हे तहसील कार्यालयात जाऊन विचारावं. विकणारा माणूस हयात असताना हे काम उरकणं सर्वांत सोपं. तो गेल्यावर सगळ्या वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतात.

शपथपत्राला पाचशेचा बाँड लागतो का?

ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभरच्या बाँडच्या जागी बऱ्याच कामांना पाचशेचा बाँड लागायला लागला. त्यातून गोंधळ झाला. उत्पन्न, जात, रहिवासी दाखल्यासाठी आणि सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. ही माफी २००४ पासूनची आहे. साध्या कागदावर शपथपत्र चालतं. पोराच्या दाखल्यासाठी कुणी पाचशेचा बाँड आणायला लावत असेल तर हे सांगावं.

त्याहून सोपी गोष्ट म्हणजे स्वयंघोषणापत्र. राज्य शासनाच्या २०१५ च्या निर्णयानुसार बऱ्याच सरकारी कामांत शपथपत्राऐवजी स्वतःच्या सहीचं घोषणापत्र आणि स्वतः सही केलेल्या झेरॉक्स प्रती चालतात. म्हणजे नोटरीचीही गरज नाही. अर्जाच्या यादीत 'शपथपत्र' लिहिलंय की 'स्वयंघोषणापत्र', हे आधी वाचावं.

मुलगा परदेशात असेल तर

गावातली बरीच मुलं आखातात, अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आहेत. जमिनीच्या खरेदीखतावर त्यांची सही लागते तेव्हा मुखत्यारपत्र पाठवलं जातं. परदेशात राहणाऱ्याने ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत केलेलं असेल तर नोंदणीसाठी चालतं. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे विसरलं की ऐन रजिस्ट्रीच्या दिवशी अडचण येते.

मुलगा पुण्या-मुंबईत असेल तर नियम वेगळा आहे. देशात राहणाऱ्या माणसाच्या वतीने दस्त नोंदणीला हजर करायचा असेल तर त्यासाठीचं मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकासमोर झालेलं पाहिजे. तिथे नुसती नोटरी चालत नाही.

नोटरीकडे जाताना एवढं लक्षात ठेवा

• सही करणारा माणूस स्वतः हजर पाहिजे. 'आजी घरी आहे, अंगठा घेऊन येतो' हे चालत नाही. आजारी माणूस असेल तर नोटरी घरी येऊ शकतो, त्यासाठी प्रवासखर्च घेतो.
• ओळखीचा मूळ कागद सोबत न्यावा.
• कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या बाँडवर सही करू नये. साक्षीदार म्हणून तर मुळीच नाही.
• मजकूर वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर आपल्या विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्यावा.
• नोटरीच्या रजिस्टरमध्ये स्वतःची सही करावी आणि तिथला अनुक्रमांक आपल्या कागदावर लिहिला आहे का, हे बघावं. पुढे कुणी कागद खोटा म्हटला तर हाच क्रमांक कामी येतो.
• शिक्क्यावरचं नाव, कार्यक्षेत्र आणि प्रमाणपत्राची मुदत बघावी. शंका वाटली तर नोंदणी क्रमांक विचारावा. खरा नोटरी तो सांगायला का-कू करत नाही.
• पावती घ्यावी आणि शिक्का मारलेल्या कागदाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा.

तक्रार कुठे करायची?

नोटरी नसताना नोटरी म्हणून मिरवणाऱ्याला कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. खऱ्या नोटरीने माणूस समोर नसताना शिक्का मारला, मागची तारीख टाकली, रजिस्टरमध्ये नोंद केली नाही, तर ज्या सरकारने त्याला नेमलं त्या सरकारकडे नमुना १३ मध्ये लेखी तक्रार करता येते. राज्याचा नोटरी असेल तर मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागाकडे आणि केंद्राचा असेल तर दिल्लीच्या विधी कार्य विभागाकडे. चौकशीत गैरवर्तन सिद्ध झालं तर त्याचं नाव नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं. नोटरीने आपलं काम करताना केलेल्या गुन्ह्याची दखल कोर्ट थेट घेत नाही, सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. म्हणून सरकारकडची ही तक्रार टाळू नये. सोबत कागदाची प्रत आणि पावती जोडली तर तक्रारीला वजन येतं.

थोडक्यात

नोटरी व्हायला कायद्याची पदवी, सनद, सात किंवा दहा वर्षांची वकिली आणि सरकारची नेमणूक लागते. एवढी वर्षं आणि एवढी बंधनं ठेवली आहेत, कारण त्याच्या साक्षीवर कोर्ट आणि कचेऱ्या विश्वास ठेवतात. पण ती साक्ष सहीची आहे, मालकीची नाही. शपथपत्र असेल तर नोटरीकडे जावं. जमीन असेल तर दुय्यम निबंधकाकडे जावं आणि नंतर सातबाऱ्यावर नाव लागलं का, हे स्वतः बघावं. घरातल्या पेटीत बाँडवर केलेला जमिनीचा व्यवहार पडून असेल, तर तो आजच बाहेर काढून एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवावा. लिहून देणारा माणूस आज समोर आहे, उद्या असेलच असं नाही.